भिंतीलगतचा डेझीचा वाफा, अमळनेर : प्रकल्प नोंदी

१० सप्टेंबर २०२३

घराच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून एक पट्टी आहे, साधारण वीस फूट लांब आणि चार फूट रुंद, तिथे आजवर गाजरगवत आणि पोरांच्या सायकली एवढंच असायचं, ती यंदा पूर्ण डेझीच्या कुळातल्या झाडांना द्यायची ठरवली आहे. दुपारी बारापासून सूर्य बुडेपर्यंत तिथे सरळ ऊन. मला दरवर्षी नवीन रोपं आणून होळीनंतर उपटून फेकायची नाहीयेत, एकदा लावली की चार-पाच वर्षं तीच झाडं त्याच जागी राहिली पाहिजेत असं काहीतरी करायचंय.

झाडं निवडली ती अशी. गलांडा, कारण तो खान्देशात शेतात सुद्धा तिन्ही हंगामात होतो, त्याच्याबद्दल भीती नाही. शेवंती, ती पण याच कुळातली आणि फुटव्यांवर वर्षानुवर्षं चालते. जर्बेरा, पॉलिहाऊसमधला नाही, जुना साधा लाल-केशरी ज्याच्या पाकळ्या बारीक असतात तो. आणि शास्ता डेझी, पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळी चकती, फोटोत सगळीकडे असते ती. शास्ता इथे टिकणार नाही असं सगळेच म्हणतायत पण मला ती लावून बघायचीच आहे.

आज फक्त पाण्याची टेस्ट केली. फूटभर खोल खड्डा खणला, पाण्याने भरला, जिरल्यावर परत भरला, आणि रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन बघितलं तर अर्ध्याहून जास्त पाणी तसंच उभं. यंदा ऑगस्ट सगळा कोरडा गेलाय तरी ही अवस्था, म्हणजे नेहमीच्या पावसाळ्यात काय होईल. काळी कसदार जमीन कपाशीला सोनं आहे पण या झाडांची मुळं अशा चिकट ओल्यात कुजतात. उन्हाळ्यात हीच माती आक्रसून अशा भेगा पडतात की हात जाईल आत, त्यात मुळं तुटतात ते वेगळंच.

२४ सप्टेंबर २०२३

वाफा उचलून घेतला. कडेने जुन्या विटा उभ्या लावल्या आणि काळ्या मातीत मुरूम, बोरी नदीची जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत असं मिसळून जमिनीपासून जवळपास दहा इंच वर आणला. नुसती वाळू थोडीशी टाकून काळ्या मातीत काही उपयोग होत नाही बरं, उलट वाळल्यावर ती जास्तच घट्ट बसते, मुरूम भरपूर पाहिजे. आम्ही माती एक भाग आणि मुरूम-वाळू मिळून एक भाग असं धरलं. खताच्या ढिगात ट्रायकोडर्मा (मूळकुज रोखणारी मित्र बुरशी) मिसळून ओलं पोतं झाकून आठवडाभर ठेवलं होतं, ते वरच्या थरात.

विटा कमी पडल्या म्हणून उत्तरेच्या टोकाला, गेटजवळ, वाफा तीन-चार इंचच उचललाय. बाकीच्या विटा मिळाल्या की तो पण करू. भिंतीपासून दीड फूट जागा मोकळी सोडली, कारण ही भिंत दुपारभर तापते आणि रात्री अकरापर्यंत गरमपणा सोडत असते, हात लावून बघितलं तर कळतं.

शेजारच्या वहिनी वेडेलियाच्या कांड्या घेऊन आल्या, म्हणाल्या, "हे लाव, काही करावं लागत नाही, बारा महिने पिवळी फुलं." खरंय ते, पण त्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि दोन वर्षांत वाफ्यात दुसरं काही उरत नाही, जगातल्या सगळ्यात वाईट शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत ते आहे. वहिनींना समजावून सांगितलं, त्यांनी मनाला लावून घेतलं नाही.

२ ऑक्टोबर २०२३

बी टाकलं. गलांडा आणि शास्ता दोन्ही ट्रेमध्ये, कोकोपीट आणि गांडूळखत. दोघांचंही बी खोल पुरायचं नाही, उजेड लागतो त्याला, वरून चिमूटभर बारीक कोकोपीट भुरभुरवलं की झालं. शास्ताची जात अलास्का, जुनी जात आहे, बियांवरून होते. जर्बेराचं बी ताजं मिळणं कठीण म्हणून धुळ्याच्या नर्सरीतून फुटवे आणणार, शेवंती पण तिथूनच.

२६ ऑक्टोबर २०२३

दसरा झाला आणि लागवड केली. गलांड्याची रोपं मस्त, चार-पाच पानांवर आलेली, दीड-दीड फुटावर लावली. शास्ता हळू आहे, पानांचे छोटे गुच्छच दिसतायत, ती भिंतीच्या दक्षिण टोकाला जिथे कडुनिंबाची सावली चारनंतर येते तिथे दिली. जर्बेरा लावताना एक गोष्ट सांभाळली ती म्हणजे गाभा मातीच्या वर ठेवायचा, जिथून पानं निघतात तो भाग मातीखाली गेला की पाणी साचून सडतोच. लावल्यावर जरा उघडं-उघडं दिसतं, झाड पडेल असं वाटतं, पण दोन आठवड्यांत मुळं धरतं.

ठिबकची एक लॅटरल (बारीक नळी) मधून टाकली. आजी (माझ्या आजेसासूबाई, पारोळ्याकडच्या) खुर्ची टाकून बसल्या होत्या, सगळं झाल्यावर विचारलं, "हाई काय शे वं?" मी म्हटलं डेझी. त्यांना गलांडा माहीत आहे, शेवंती माहीत आहे, बाकीच्या दोघांकडे बघून गप्प बसल्या.

२७ नोव्हेंबर २०२३

काल अवकाळी. विजा, वारा, आजूबाजूला गारपीट पण झाली म्हणतात, कापसाचं फार नुकसान झालंय लोकांचं, त्यापुढे आपल्या फुलांचं काय बोलायचं. शेवंती आडवी झाली, काड्या लावून बांधली. जर्बेराच्या गाभ्यात माती उडून बसली होती ती पाण्याच्या बारीक धारेने धुऊन काढली. वाफ्यात पाणी उभं राहिलं नाही. उत्तर टोकाला राहिलं.

१८ डिसेंबर २०२३

जर्बेराची नवी पानं पिवळी पडतायत, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. नायट्रोजन कमी असता तर जुनी पानं आधी पिवळी पडली असती, इथे कोवळी पडतायत म्हणजे लोह मिळत नाहीये. आमच्या मातीत चुनखडी आहे, बोअरचं पाणी पण जड, अशा मातीत लोह असून झाडाला घेता येत नाही. युरिया टाका म्हणून सल्ला मिळाला होता, तो घेतला नाही. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक अॅसिड, संध्याकाळी पानांवर फवारलं. गलांड्याला असलं काही झालेलं नाही, त्याला खत सुद्धा जास्त नको असतं, जास्त दिलं की पानंच माजतात आणि दांडे लोळतात.

४ फेब्रुवारी २०२४

गावात साहित्य संमेलन, ९७वं, आज शेवटचा दिवस. घरात पाहुणेच पाहुणे आणि वाफा नेमका भरात, गलांडा असा फुललाय की गेटमधून येणारा प्रत्येक जण आधी तिकडे जातो. नाशिकहून आलेल्या मावशींनी विचारलं की एवढी फुलं येतात तर तोडतेस का, तर हो, तोडते, वाळायला लागलेलं फूल रोज तोडलं नाही तर झाड बी धरण्यात ताकद घालवतं आणि नवीन कळ्या थांबतात.

पोरांच्या प्रयोगाच्या किटमधलं भिंग घेऊन आज निवांत एक फूल बघितलं. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते शेकडो फुलांचा गुच्छ असतो. मधल्या चकतीतली फुलं नळीसारखी, बाहेरच्या रांगेपासून उमलायला लागतात आणि रोज एक-एक रांग आत सरकते. उमललेल्या रांगेत आधी पराग वर येतो, पिवळी पूड दिसते, आणि मग तिथूनच स्त्रीकेसराची दोन टोकं बाहेर येऊन मागे वळतात. म्हणजे एकाच चकतीत बाहेरच्या रांगा बी धरायच्या तयारीत, मधल्या परागाच्या अवस्थेत आणि अगदी आतल्या अजून बंद हिरव्या. भोवतीच्या लाल पाकळ्या, टोकाला पिवळ्या, प्रत्येकीला तीन दात. ती प्रत्येक पाकळी पण एक वेगळं फूल, पण तिला बी धरता येत नाही, मधमाश्यांना बोलवायचं काम तिचं. मी बघत असताना एक छोटी मधमाशी आली, कडेने गोल फिरली, नेमकी परागाच्या रांगेवरच, आतल्या बंद फुलांना शिवली सुद्धा नाही. मोठ्या पोराला बोलावून दाखवलं, तो बराच वेळ बसला बघत.

सूर्यफूल पण याच कुळातलं. विप्रो कंपनी १९४५ साली आमच्या या अमळनेरात तेल आणि वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली आणि तिच्या तुपाच्या एका ब्रँडचं नाव सनफ्लॉवर होतं, हे पाहुण्यांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना.

१७ मार्च २०२४

शास्ताला कळ्या! मोजक्याच आहेत पण आहेत.

साडेचार महिने ती नुसती पानं घेऊन बसली होती. त्यामागचं कारण असं की शास्ताला आधी थंडी पाहिजे आणि मग लांब दिवस पाहिजेत, तेव्हा ती फुलते. आमच्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा, थंडी आहे पण दिवस लहान. मार्चनंतर दिवस वाढतो तर तोपर्यंत पारा चाळिशीकडे निघालेला. जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सुद्धा साडेतेरा तासांच्या आतच. म्हणजे तिला जे पाहिजे ते दोन्ही आपल्याकडे एका वेळी मिळायची जागा फेब्रुवारी-मार्चची एवढीशी फट. त्या फटीत ती फुलली याचं मला फार कौतुक वाटतंय.

ही जात कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँकने तयार केली, १९०१ साली बाजारात आणली. लहानपणी मॅसॅच्युसेट्समध्ये बघितलेली रानटी डेझी, त्यावर युरोपातल्या मोठ्या फुलांच्या जाती, आणि पांढरेपणा कमी पडत होता म्हणून शेवटी जपानची एक डेझी, असं करत सतरा एक वर्षं तो संकर करत होता. नाव दिलं ते तिथल्या बर्फाच्या माउंट शास्ता डोंगराचं. त्या डोंगराच्या नावाचं फूल इथे आपल्या बोरीच्या वाळूत उभं आहे, मी आज सगळ्यांना धरून-धरून दाखवलं.

लाल कोळी दिसायला लागलाय शेवंतीवर, पानामागे बारीक जाळी. कोरडी हवा सुरू झाली की येतोच. पानांच्या खालून पाण्याचा जोरात फवारा आणि चार दिवसांनी निंबोळी अर्क.

१० मे २०२४

आज आखाजी (अक्षय तृतीया). माहेरी गेले नाही यंदा, पुरणपोळी आणि आमरस इथेच.

हिरवी शेडनेट, पन्नास टक्क्यांची, गेल्या महिन्यापासून लावलेली आहे, फक्त जर्बेरा आणि शास्तावर, आणि फक्त पश्चिमेकडून उभी पडद्यासारखी. डोक्यावरचं उघडं ठेवलं कारण वरचा उजेड पाहिजे, मारतं ते दोन ते सहाचं. गलांड्यावर काही नाही. सगळ्या वाफ्यावर भुईमुगाच्या टरफलांचं तीन इंच आच्छादन, तेलघाणीवरून पोती आणली, आता बोट घातलं तर खाली माती गार लागते. शेवंती जमिनीपासून चार बोटं ठेवून कापली आहे, तिच्या बुडाला फुटवे हिरवेगार.

पाणी पहाटे पाचला. दुपारी ठिबक चालू केलं तर लॅटरलमध्ये तापलेलं पाणी आधी बाहेर पडतं, चहाचं पाणी वाटावं इतकं, ते कोवळ्या मुळांवर नको.

२१ मे २०२४

पारा पंचेचाळीस. इथल्या संत सखाराम महाराजांची यात्रा चालू आहे नदीच्या पात्रात, लोक ऊन उतरल्यावरच निघतात.

गलांडा पाचपर्यंत मान टाकतो आणि आठला परत ताठ. फुलं लहान झालीयत, रंग उडालेला, पण आहेत. मी घाबरून रोज पाणी देत होते तर आजी म्हणाल्या, "माय वं, इतलं पानी कसाले?" आणि त्यांनी टरफलं बाजूला करून खालची माती हातात घेऊन दाबून दाखवली, लाडू वळला. लाडू वळतोय तोपर्यंत पाणी नाही, असा नियम आजपासून. गलांडा आता तीन-चार दिवसांनी.

शास्ताची बाहेरची पानं करपून कागद झाली, मधला कोंब जिवंत. जर्बेराने फुलं बंद केली आहेत, पानं कमी केली आहेत, झाड झोपल्यासारखं आहे, त्याला तसंच राहू द्यायचं, खत अजिबात नाही.

बियांच्या पाकिटावर बहुवर्षायु लिहिलेलं असतं ते बर्फाच्या देशातला हिशोब धरून, तिथे झाड हिवाळा काढतं. इथे त्याने मे काढला पाहिजे.

२३ जून २०२४

पाऊस झाला. सगळी मिळून फार थोडी झाडं गेली, शास्ताची काही आणि जर्बेराचं एक. गलांडा एकही नाही. शेडनेट काढली. शेवंतीचे फुटवे मुळांसकट सोडवून सगळ्या वाफ्यात पुढच्या ओळीला लावले, गेटपासून कडुनिंबापर्यंत. सगळे सांगत होते उन्हाळा काढला म्हणजे जिंकलं.

२८ जुलै २०२४

गलांडा गेला. सगळा नाही, उत्तर टोकाचा. ज्या झाडांनी पंचेचाळीसला मान टाकून परत उचलली ती झाडं या आठवड्याच्या झडीत बुडापासून काळी पडून गेली. हाताने ओढलं तर मुळांशिवाय वर आलं, बुडाची साल सुटून हातात, वास कुजका. त्याच ओळीत चार फूट पुढे, जिथे वाफा दहा इंच उचललेला आहे, तिथे तोच गलांडा, त्याच बियांचा, त्याच दिवशी लावलेला, कमरेएवढा आणि कळ्यांनी भरलेला. मधे फक्त विटांच्या दोन थरांचा फरक. शास्ता पण उंच भागातली वाचली, मे मध्ये करपलेल्या कोंबातून नवीन पानं काढून बसलीय.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं म्हणून सविस्तर लिहून ठेवते. आपल्याकडे कोणी पण झाड लावताना उन्हाचं विचारतं, सोसेल का, सोसेल का, आणि उन्हाला उपाय असतो, नेट आहे, आच्छादन आहे, पहाटेचं पाणी आहे. काळ्या मातीत जुलैमध्ये उभ्या पाण्याला नंतर काहीच उपाय नाही, जे करायचं ते लागवडीच्या आधी. मी आता कोणी विचारलं की उन्हाचं बोलायच्या आधी वाफा किती उंच आहे ते विचारते.

आज करण्यासारखं एवढंच केलं : मेलेली झाडं मुळाच्या मातीसकट काढून बाहेर टाकली, खालच्या टोकाला चर काढून पाणी गटारीकडे वळवलं, आच्छादन सगळीकडून ओढून काढलं म्हणजे बुडाला हवा लागेल. खालची पानं पण काढली.

१२ ऑगस्ट २०२४

कानबाईचं (खान्देशातली श्रावणातली देवी) विसर्जन. काल रोट, जागरण, घर भरलेलं. हारांसाठी गलांडा घरचाच दिला, यावेळी विकत घ्यावा लागला नाही, आईंना (सासूबाई) फार बरं वाटलं.

वाफ्याबाहेरच्या गाजरगवतावर ते पट्ट्या-पट्ट्यांचे छोटे भुंगेरे आले आहेत, मेक्सिकन भुंगेरे, पानांची चाळण करून टाकलीय. पुण्यात १९५५ साली गाजरगवताची नोंद झाली आणि मग सगळीकडे पसरलं, त्याच्यावर उपाय म्हणून १९८४ मध्ये बंगळूरला हे भुंगेरे सोडले होते. गंमत म्हणजे गाजरगवत पण डेझीच्याच कुळातलं, म्हणून मी रोज सकाळी बघते की ते आपल्या झाडांवर येतात का. नाही आले. फवारणारा मुलगा आला होता त्याला सांगितलं, "भाऊ, इकडे मारू नको, राहू दे त्यांना."

शेवंतीचे शेंडे दुसऱ्यांदा खुडले. आता यापुढे नाही, नाहीतर कळ्या उशिरा.

१५ सप्टेंबर २०२४

बाकीच्या विटा आल्या. उत्तर टोक पूर्ण उपसून दहा इंचांवर घेतलं. मुरूम या वेळी जास्त टाकला.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीत शेवंती फुलली, पांढरी आणि पिवळी, पण कडुनिंबापासून वाफ्याच्या मध्यापर्यंतच. गेटकडची सगळी नुसती पानं, कळीचं नाव नाही. माती बघितली, पाणी बघितलं, कीड बघितली, सगळं ठीक, झाडं उलट जास्त उंच आणि तजेलदार. रात्री गेट लावायला बाहेर आले तेव्हा कळलं. पावसाळ्यात रस्त्यावरच्या खांबाला नवीन एलईडी बसवलाय, त्याचा उजेड थेट त्या टोकावर पडतो, रात्रभर. शेवंतीला फुलायला लांब, अखंड अंधारी रात्र लागते, ती रात्र मोजते. उजेडाची रेघ जिथे संपते बरोबर तिथून फुलं सुरू होतात, पायरीवर उभं राहिलं की ती सीमा तिरकी गेलेली स्पष्ट दिसते.

दिवा रस्त्याचा आहे, लोकांच्या सोयीचा, तो बंद करा म्हणणार नाही. ह्यांनी दोन बांबू रोवून त्यावर खताची रिकामी पोती शिवून पडदा केला, रात्री सातला लावायचा आणि सकाळी काढायचा.

८ डिसेंबर २०२४

पडद्यामागच्या शेवंतीला कळ्या आल्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या. तिथला पडदा आता कायमचा नको म्हणून पुढच्या जूनमध्ये गेटजवळ शेवंती लावायचीच नाही, तिथे गलांडा, त्याला रात्रीच्या उजेडाचं काही नाही, आणि माती पण आता उंच झालीय.

वाचलेल्या शास्ताचे गड्डे चांगले पसरलेत, वर्षानंतर मधला भाग विरळ व्हायच्या आत फोडून घ्यावे लागतील, पण यंदाची कळी घेऊन मगच. गलांड्याची जुनी झाडं सहा इंचांवर कापली. तो तसाही दोन-तीन वर्षांचाच, म्हणून खाली पडलेल्या बियांची जी रोपं आपोआप आली आहेत त्यातली ठसठशीत ठेवली, बाकीची ट्रेमध्ये काढली. वहिनींसाठी त्यातली वेगळी ठेवली आहेत, त्यांच्या अंगणात वेडेलिया काढायला रविवारी मी जाणार आहे मदतीला, आधी तिथली माती उचलू आणि मग लावू.